भाजीतलं कूट

शेंगदाणे भाजल्याचा वास आला की मला बहिणीचं अमळनेरचं सासर आठवतं. दाण्याची तिला ॲलर्जी आहे, हे आम्ही लग्नाआधीच सांगितलं होतं. तरी मी तिच्याकडे गेल्यावर एका दुपारी माझ्यासमोर भाजीच्या दोन घासांतच तिचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास घरघरू लागला. दवाखान्यात मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दिल्यावर ती सावरली. "शरीर दाण्यालाच शत्रू समजून लढतं. हे नखरे नाहीत," डॉक्टर म्हणाले. तेव्हा तिच्या सासूबाई शांतपणे बोलल्या, "इतलंसं कूट टाकेल व्हतं. खरंच तरास व्हस का, ते देखनं व्हतं." "म्हणजे खरं की खोटं पाहायला मुद्दाम घातलंत?" माझा आवाज चढला. बहीण आता स्वतःपुरतं वेगळं रांधते, आणि घर फोडलं म्हणून नावं अजून तिलाच ठेवतात.