समासातल्या बाईसाठी उभ्या राहिलेल्या वसुधाताई

वसुधाताई करंदीकर यांची आणि माझी ओळख बारा वर्षांपूर्वी जर्मनीत, फ्रँकफर्टजवळच्या एश्बॉर्नच्या एका सभागृहात झाली. आमच्या मराठी मंडळाच्या बालनाट्याची तालीम चालू होती आणि माझी आठ वर्षांची लेक इरा खुर्चीमागे लपून बसली होती. तिला मराठी कळायचं, पण तोंडातून जर्मनच यायचं. मी चारचौघांत तिच्यावर चिडलो. तेव्हा मागच्या रांगेतून ताई उठल्या. "अहो, तिला अख्खं नाटक कशाला देता? फक्त तिची वाक्यं द्या," म्हणाल्या. त्यांनी कागदाच्या पट्ट्या कापल्या. प्रत्येक पट्टीवर इराचं एक वाक्य, आणि त्याआधी समोरच्याच्या बोलण्यातले शेवटचे दोन शब्द. ते शब्द पकडायचे म्हणून इरा सगळ्यांचं मराठी कान देऊन ऐकू लागली. प्रयोगात ती एकदाही अडखळली नाही.

ही युक्ती चारशे वर्षं जुनी असल्याचं ताईंनी नंतर सांगितलं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या फिरत्या नाटकमंडळ्या जर्मन मुलखात येत, फ्रँकफर्टच्या जत्रेत खेळ करत. नटाला सबंध नाटक मिळत नसे. त्याच्यापुरतं लिहिलेली कागदाची गुंडाळी तेवढी मिळे. अशा गुंडाळ्या वाचणं हेच ताईंचं आयुष्यभराचं काम. पुण्यात जर्मन शिकून त्या पंचविशीत डार्मश्टाटला आल्या आणि एका ग्रंथालयाच्या हस्तलिखित विभागात निवृत्तीपर्यंत राहिल्या.

तिथे असताना त्यांच्या हाती एका लहान गावाच्या दप्तरातलं भिजून चिकटलेलं बाड आलं. त्यात अशाच एका मंडळीच्या गुंडाळ्या होत्या. अक्षर इतकं वाकडं की जर्मन सहकाऱ्यांनीही हात टेकले होते. ताईंनी नऊ वर्षं भिंग घेऊन ते बाड उलगडलं. निम्म्यापासून पुढे अक्षर बदलतं, हे त्यांच्याच लक्षात आलं. तिथे समासात एक बारीक नोंद होती: नवरा तापाने अंथरुणाला खिळला आहे, म्हणून उरलेलं मी उतरवलं. म्हणजे एका नटाच्या बायकोने निम्मं नाटक वाचवलं होतं.

ताईंनी हे सगळं वाचन टाइप करून विश्वासाने एका प्राध्यापकांच्या हवाली केलं. दोन वर्षांनी त्यांचं जाडजूड पुस्तक आलं. मुखपृष्ठावर एकट्या त्यांचं नाव. शेवटच्या पानावर ताईंचे आभार, 'टंकलेखनासाठी'. नऊ वर्षांच्या कामाला टंकलेखन म्हणायला किती निगरगट्ट मन लागतं, हे मला अजून उमगलेलं नाही.

मी मेकॅनिकल इंजिनिअर, पुस्तकांच्या जगातला नव्हे. पण कारखान्यात कुणी दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर स्वतःची सही केली, तर त्याला आम्ही काय म्हणतो ते मला ठाऊक आहे. मी संतापून प्रकाशकाला उद्देशून पत्र लिहिलं आणि ताईंना दाखवलं. त्यांनी शांतपणे पेन उचललं.

"निनाद, विशेषणं काढ. पान क्रमांक टाक."

"ताई, त्यांनी तुमचं काम चोरलंय."

"माझं राहू दे रे. त्या बाईची नोंद गाळलीये त्यांनी. आणि प्रस्तावनेत तिला 'कुणी कारकून' म्हटलंय. ते मी खपवून घेणार नाही."

पुढच्या महिन्यात फ्रँकफर्टला त्या प्राध्यापकांचं व्याख्यान होतं. मी ताईंबरोबर गेलो. प्रश्नोत्तरांत ताई उभ्या राहिल्या आणि त्या नोंदीबद्दल विचारलं. प्राध्यापक हसले. श्रोत्यांकडे वळून म्हणाले, "तर, फ्राऊ करंदीकर आमच्या फार मेहनती टायपिस्ट होत्या."

सभागृहात दोघं-तिघं हसले. 

"गेनाऊ, अगदी बरोबर," ताई म्हणाल्या. "टाइप मीच केलं. म्हणून काय गाळलं ते मला माहीत आहे."

आणि त्यांनी पर्समधून त्या पानाचं छायाचित्र काढून ती नोंद जुन्या जर्मनमध्ये खणखणीत वाचली. कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी घाईघाईने पुढचा प्रश्न घेतला. परतताना एस-बानच्या लोकल गाडीत ताईंनी ते छायाचित्र पुन्हा एकदा काढून पाहिलं. 

त्यानंतर दोन वर्षं पत्रं चालली. सगळी पान क्रमांकांसह, एकही विशेषण नसलेली. शेवटी दुसऱ्या आवृत्तीत नोंद छापली गेली, 'कारकून' गेला, नटाची बायको आली. आतल्या पानावर बारीक टायपात 'हस्तलिखित-वाचन: वसुधा करंदीकर' असंही आलं. मुखपृष्ठ मात्र तसंच राहिलं. माफीचा एक शब्दही आला नाही, आणि प्राध्यापक पुष्पगुच्छ घेत थाटात निवृत्त झाले.

ताई समाधानी आहेत, मी नाही. या लेखासाठी परवानगी मागायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "गौरवलेख आहे, रागावून लिहू नकोस." मी म्हटलं, "राग काढला तर गौरव अर्धाच राहील, ताई." त्यावर त्यांनी चहा पुढे केला आणि विषय बदलला. प्राध्यापकांचं नाव न घेण्याचं मात्र वचन घेतलं. ते मी पाळलं आहे.

पंचाहत्तराव्या वर्षी, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढल्यावर, ताई आता त्याच बाडाचं पुस्तक स्वतःच्या नावाने सिद्ध करत आहेत. त्यांची नजर स्वच्छ राहो, गुडघे धड राहोत आणि शंभरी त्यांनी कामात असतानाच गाठावी. ते पुस्तक त्यांच्या हयातीत, त्यांच्याच हातात पडावं. माणूस गेल्यावरचं कौतुक इथेही आणि आपल्याकडेही उदंड मिळतं; ते ताईंना नको आहे, आणि आम्हालाही चालणार नाही.