लहानूच्या घरातला फोटो

"मॅडम, ही माणसं तुम्ही पाठवलीत का?"

आमच्या सुपरिंटेंडंटनी मोबाईल माझ्यापुढे सरकवला. फोटोत एका कुडाच्या घरात खाटेवर लहानू पालथा होता. शेजारी रेजिना उभी. डोळे मिटलेले, हात त्याच्या कमरेवर, ओठ किंचित उघडे. खाली कुणीतरी लिहिलं होतं: आजारी आदिवासीवर हात ठेवून मंत्र-प्रार्थना, धर्मांतराचा प्रयत्न. पाड्यावरच्या चौघा-पाच जणांनी सह्या करून तक्रार दिली होती आणि ती वरून फिरत आमच्या रुग्णालयात आली होती.

रेजिना काय करत होती ते मला बघताक्षणी कळलं. तिला ते मीच शिकवलं होतं.

मी फिजिओथेरपिस्ट. त्या वेळी पालघर तालुक्यातल्या एका सरकारी रुग्णालयात होते. आमच्या भागात ताडावरून पडलेले पेशंट नेहमीचे. लहानू त्यातलाच. ताडी काढायला चढला आणि वरून पाठीवर आपटला. मणका मोडला. कमरेखाली हालचाल नाही आणि संवेदनाही नाही. याला आम्ही पॅराप्लेजिया म्हणतो. मुंबईला ऑपरेशन झालं आणि महिन्याभराने त्याला घरी सोडलं. घर उमरोळीच्या पूर्वेला, रस्ता संपतो तिथून पुढे पाऊण तास चालत.

अशा पेशंटचा मोठा शत्रू म्हणजे बेडसोर. तुम्ही-आम्ही झोपेतसुद्धा कूस बदलतो, कारण अंग दुखतं. याला दुखतच नाही. एकाच बाजूवर पडून राहिलं की हाडावरची कातडी दबते, रक्त पोहोचत नाही आणि जखम आत सडत जाते. औषध एकच. दर दोन तासांनी वळवायचं. पाठ, डावी कूस, उजवी कूस. मलम त्यानंतर.

हे मी त्याच्या बायकोला, जानीला, सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, मी गवत कापाय नाय गेली तं खायाचं काय? आनि गेली तं ह्याला वळवल कोन?"

दुसऱ्या आठवड्यात याचं उत्तर आपल्या पायाने ओपीडीत आलं.

डॉमनिककाका बोईसरचे. एमआयडीसीत फिटर म्हणून तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. त्यांच्या चर्चमधल्या सहा जणांचा गट होता. कुणाच्या घरी म्हातारं माणूस एकटं असेल तर जेवण पोहोचवायचं, दवाखान्यात न्यायचं, असली कामं ते करत. लहानूबद्दल त्यांना एका रिक्षावाल्याने सांगितलं होतं. काका म्हणाले, "आम्हाला यातलं काही येत नाही. तुम्ही शिकवा, आम्ही करू."

मी सरळ विचारलं, "तिथे प्रार्थना वगैरे करणार का?"

"प्रार्थना आमच्या घरी करतो, मॅडम. तिथे हात भरलेले असणार."

खरंच भरलेले असायचे. लहानूला संडास-लघवीवर ताबा नव्हता. ते धुणं, पुसणं, कातडी कोरडी ठेवणं सगळं त्यात आलं. रेजिना औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होती, पन्नाशीची, कमी बोलणारी. फर्स्ट शिफ्ट सुटली की ती थेट पाड्यावर जायची. सहा जणांनी पाळ्या लावल्या. जानी कामावर गेली की ती येईपर्यंत कुणीतरी तिथे असायचंच.

मी दोन वेळा स्वतः गेले. पहिल्यांदा गेले तेव्हा काकांनी लहानूच्या कमरेखाली टायरची ट्यूब फुगवून ठेवली होती. मोठ्या अभिमानाने दाखवली. मी ती काढायला लावली. ट्यूबच्या कडेने उलट रक्त अडतं. काकांचा चेहरा पडला. पुढच्या वेळी पॅकिंगचा जाड फोम आणलेला होता, रेजिनाने त्याला धुता येतील असे अभ्रे शिवले होते. काकांनी आढ्याला दोर बांधून लाकडी मूठ लावली होती, लहानूला हातांनी उठता यावं म्हणून.

लहानूला बोलायची हौस. "मॅडम, चुलीवरची भाकर पन एवढी उलटीत नाय, जेवढा हा काका मला उलटीतो," म्हणायचा. त्याची माकडहाडावरची जखम रुपयाएवढी होती, ती भरत आली होती.

त्या भेटीत मी रेजिनाला एक गोष्ट शिकवली. सावळ्या कातडीवर नवी जखम लालसर दिसत नाही. ती हाताला कळते. हाताची मागची बाजू तिथे टेकवायची, डोळे मिटायचे, दहा आकडे मोजायचे, मग शेजारच्या जागेशी ताडून बघायचं. गरम लागलं तर त्या कुशीवर ठेवायचं नाही.

डोळे मिटून ती दहा मोजत होती. तेवढ्यात कुणीतरी कुडाच्या फटीतून फोटो काढला.

"मॅडम, मी काय विचारतोय?" साहेब म्हणाले. "पाठवलीत का?"

"मी पाठवली नाहीत, सर. ती आपणहून—"

"बस. तेवढंच लिहून द्या. रुग्णालयाचा संबंध नाही म्हणून. जास्त खोलात जाऊ नका. बदल्यांची यादी याच महिन्यात निघतेय, तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत होतं. मुलगी बारावीत होती. मिस्टर तारापूरला नोकरीत. बदली म्हणजे घर मोडून दोन ठिकाणी मांडायचं.

मी लिहिलं: सदर व्यक्ती रुग्णालयाने नेमलेल्या नाहीत. त्यांच्या कार्याशी माझा काहीही संबंध नाही.

पहिलं वाक्य खरं होतं. फोटोबद्दल मी एक अक्षर लिहिलं नाही. दोन ओळी पुरल्या असत्या. साहेबांनी वाचून मान डोलावली. "छान. मोजकं लिहिलंत."

दोन दिवसांनी काका आणि रेजिना ओपीडीत आले. पाड्यावर त्यांना वाटेत अडवलं होतं. परत आलात तर पोलिसांत देऊ, म्हणून सांगितलं होतं.

काका म्हणाले, "मॅडम, एक चिठ्ठी द्या. हे काम तुम्ही शिकवलंत, एवढंच लिहा. आम्ही ती दाखवू."

"काका, चौकशी चालू आहे. सध्या थांबा."

"किती दिवस?"

"थोडे दिवस."

"त्याला दोन तासांनी वळवायचं असतं ना?" रेजिनाने विचारलं. टोमणा नव्हता तो. मी काहीतरी वेगळा मार्ग सांगेन, असं तिला वाटत होतं. मी पुढच्या पेशंटचा केसपेपर ओढला.

तक्रार करणारे एकदा लहानूकडे गेले. केळी आणि ब्लँकेट दिलं, सगळ्यांनी खाटेभोवती उभं राहून फोटो काढला. वळवायला कुणी थांबलं नाही. जानी पहाटे गवत कापायला जायची, दिवेलागणीला यायची. लहानू तोवर पाठीवर. दोर धरून अंग उचलायचा, पण कमर आपली जागच्या जागी. मी आशाताईला निरोप दिला. तिच्याकडे तीन पाडे होते. ती आठवड्यातून एकदा जाऊन आली.

विसाव्या-बाविसाव्या दिवशी त्याला चादरीच्या झोळीतून आणलं. ताप होता. वास वॉर्डच्या दारापर्यंत येत होता. ड्रेसिंग उघडलं तर माकडहाडापाशी मूठ जाईल एवढा खड्डा आणि तळाशी पांढरं हाड. याला आम्ही ग्रेड फोर म्हणतो. पाचवी ग्रेड नसते.

लहानू हसला मला बघून. "काका गावाला गेला का, मॅडम?"

जानी माझ्यामागे व्हरांड्यात आली. "ती बाय येत होती, तिला येऊ नको कोन बोलला?"

"वरून आदेश होता."

"वरून म्हंजे? तुमी?"

"मी नाही."

ती आत जाऊन नवऱ्याच्या उशाशी बसली.

कुणी निरोप न धाडताही रेजिना संध्याकाळी वॉर्डात आली. साबण, पंचा, बादली घेऊन. तिने त्याला डोक्यापासून पायापर्यंत पुसून काढलं. कुणी फोटो काढला नाही. दुसऱ्या दिवशी त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवलं. विष रक्तात गेलं होतं. नवव्या दिवशी तो गेला. वय चौतीस.

चौकशीचा निकाल त्यानंतर दोन महिन्यांनी आला. तक्रारीत तथ्य आढळले नाही, प्रकरण दप्तरी दाखल. साहेबांनी चहा मागवला. "बघा मॅडम, कुणालाच त्रास झाला नाही," म्हणाले. मी चहा प्यायले.

त्या वर्षी माझी बदली झाली नाही. पुढच्या वर्षी झाली. तोवर मुलगी पुण्याला शिकायला गेली होती.

काही वर्षांनी त्याच रुग्णालयात परत आले तेव्हा किनाऱ्यावरच्या नवापूरचा एक खलाशी आला होता, तसाच, मणका मोडलेला. त्याच्या आईने विचारलं, याला दिवसा कोण बघेल? मी बराच विचार करून डॉमनिककाकांना फोन लावला. ते म्हणाले, "येतो." मागचं काही काढलं नाही. चार जणांना घेऊन आले. त्यात रेजिना नव्हती.

"रेजिना बरी आहे ना?" मी विचारलं.

काका म्हणाले, "ती दुसरीकडे जाते, मॅडम. म्हणाली, तुम्ही असाल तिथे नको."

मी त्या चौघांना पेशंटला वळवायला शिकवलं. शिकवून झाल्यावर रुग्णालयाच्या लेटरहेडवर लिहून दिलं: ही माणसं काय करतात, कशासाठी करतात, आणि हे त्यांना मी शिकवलं आहे. खाली सही, शिक्का, तारीख. पाच मिनिटं लागली.

नव्या फिजिओथेरपिस्ट मुली माझ्याकडे ट्रेनिंगला येतात, त्यांना मी हे सांगते. ज्याला शिकवाल त्याच्या नावाने त्याच दिवशी लिहून ठेवा. चौकशी आल्यावर लिहू म्हणाल, तर तेव्हा हात धजत नाही. माझा धजला नाही.