मान टाकलेलं झाड

अमेरिकेत एडिसनला घर घेतलं त्या वसंतात नवऱ्याने नर्सरीतून एक झाड आणलं. नाव विचारलं तर म्हणाला, "शोभेचं आहे यार, सेलवर होतं." दारापुढच्या हिरवळीत ते लावलं आणि सोमवारी तो सकाळच्या ट्रेनने कामावर गेला. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, गाडी मला चालवता येत नव्हती. दिवसभर घरात मी आणि दारात ते.

उन्हाळ्यात त्याच्या फांद्या भराभर वाढल्या, पण वर जायचं सोडून सगळ्या खाली लोंबायला लागल्या. पांढुरक्या खोडाची साल कागदासारखी सुटू लागली. म्हटलं, झालं, यानेही मान टाकली. या देशात माझ्या हाताला लागलेला एकुलता एक जीव, तोही चालला! मी खरंच घाबरले. नवरा म्हणाला, "मेलं तर दुसरं आणू." त्यावर मी त्याच्याशी बोलणंच टाकलं. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

दर रविवारी मी आईला फोन करायची. "कशी आहेस?" "मजेत." की लगेच झाडाचं गाऱ्हाणं सुरू. आईने कढीपत्त्याला घालतात तसं पातळ आंबट ताक घालायला सांगितलं. घातलं. मग म्हणाली, आधार दे. जुनी साडी फाडून मी एकेक फांदी उचलून काठ्यांना बांधली. शेवटी ती म्हणाली, "दृष्ट लागली असेल गं."

माझा काडीचा विश्वास नव्हता. तरी दुसऱ्याच दिवशी सकाळी सकाळी मूठभर मीठमोहऱ्या घेऊन मी झाडाला ओवाळत उभी राहिले. शेजारच्या म्हाताऱ्या बाई कुत्रा फिरवताना थबकल्या. रंगीत चिंध्या पाहून त्यांनी विचारलं, "कुणाचा बर्थडे आहे का?"

"झाड मरतंय," मी माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हणाले.

त्यांनी एक पान उलटून पाहिलं. लहानसं, तिकोनी, कडेला बारीक दाते. खोडावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "हनी, हा वीपिंग बर्च आहे. तो असाच लोंबतो, साल अशीच सुटते. एकदम हेल्दी आहे."

बर्च म्हणजे भूर्ज, आपल्या पोथ्यांच्या भूर्जपत्रांचा भाऊबंद, हे मला त्या गेल्यावर सुचलं. मी गाठी सोडल्या. फांद्या सुळकन खाली आल्या आणि वाऱ्यावर डुलायला लागल्या. आनंद व्हायला हवा होता, पण मला झाडाचाच राग आला. इतकं ठणठणीत होतं तर मला कशाला वेठीस धरलं? आता उद्या सकाळी उठून मी करायचं काय?

रविवारी आईने आपणहून विचारलं, "झाड कसं आहे?"

"झाड छान आहे," मी म्हणाले. पुढे "मजेत" म्हणायला गेले आणि तोंडून भलतंच निघालं. "आई, मी नाहीये."

पलीकडे ती जराही दचकली नाही.

"माहितीये," ती म्हणाली. "म्हणून तर झाडाचे उपाय सांगत होते. बोल आता."