पाया कुणाच्या पडायचं

शेतातली मोटार जळाली की आसपासच्या गावांतली माणसं ती टेम्पोत घालून गडहिंग्लजला दादासो शिंग्याकडे नवी तार भरायला आणतात. दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली तांब्याच्या तारेची रिळं. मोटारींच्या घरघरीत आयुष्य गेल्यामुळं दादासो बोलतो ते ओरडूनच. कुणी स्वस्तातली तार घालायला सांगितली, तर तो जळकी मोटार तशीच परत टेम्पोत ठेवायला लावतो. "दोन महिन्यांत पुन्हा जळंल आणि नाव माझं घेशीला," म्हणतो.

त्याची लेक श्रुती तेव्हा पहिलीत होती. वर्गातली पोरं लंगडी खेळायची आणि ही कट्ट्यावर बसून बघायची. जिना चढली की मधेच थांबायची. सर्दी तर पाचवीलाच पुजलेली. घरात मात्र सगळे कौतुकानं म्हणायचे, "पोरगी लई गुणाची. दंगा म्हणून न्हाय."

एक दिवस शाळेत मुलांच्या तपासणीसाठी सरकारी पथक आलं. त्यातल्या डॉक्टरबाईंनी श्रुतीच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग वडिलांना बोलावून घेतलं. दादासो हाताचं ग्रीस पुसत आला. बाईंनी सांगितलं, "हिच्या हृदयात छिद्र असावं असं वाटतंय. कोल्हापूरला नेऊन खात्री करून घेऊ."

"असं कसं? चांगली हाय की पोरगी!"

बाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी नळी त्याच्याच कानात घातली. दादासो वाकून ऐकत राहिला. प्रत्येक ठोक्याबरोबर आत फुस्स आवाज येत होता. जोड सुटलेल्या पाइपातून पाणी उडतं, तसा. ते आवाज त्याला रोजचे होते. नळी कानातून काढून तो पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, "व्हय बाई. गळती हाय."

दुकान विकायचं त्यानं त्याच संध्याकाळी ठरवलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "काही विकू नका. रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. सरकारी योजनेतून होतं, एक पैसा लागत नाही." यावर त्याचं समाधान व्हायच्या ऐवजी तो आणखीच घाबरला.

"फुकटातलं काम कसं असतंय मला म्हाईत हाय," तो घरी येऊन बायकोला, संयोगिताला म्हणाला. "त्यात कसली तार घालतील कुणाला ठावं!"

कोपऱ्यात भाकरी मोडत बसलेली त्याची आई, शेवंताबाई, म्हणाली, "तुझा जलमबी सरकारी दवाखान्यातच झालाय की. फुकटातच. तुला काय झालं? बैलागत वरडतोयस नव्हं?"

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको श्रुतीला घेऊन कोल्हापूरच्या एसटीत बसली.

तपासण्यांत छिद्र आहे हे पक्कं झालं. दवाखान्यात योजनेच्या टेबलावर चंदना नावाची मुलगी बसायची. ती आरोग्यमित्र. कागद बघायचे, फोटो काढायचा, मंजुरी आली की घरच्यांना कळवायचं, हे तिचं काम. दादासो दिवसातून दहादा तिच्यासमोर जाऊन उभा राही. "पैसे नंतर मागणार न्हाईत नव्हं?" ती दर वेळी तेवढ्याच शांतपणे सांगे, "नाही काका."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जननी दोघांना समोर बसवून समजावलं. दादासोनं एकच विचारलं, "चालू ठिवून करतासा, का बंद करून?"

डॉक्टरांनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं. "बंद करून. हृदय थांबवतो, छिद्र बुजवतो, पुन्हा चालू करतो."

"आणि तवर रगात?"

"मशीन फिरवतं. शरीराबाहेरून."

संयोगितानं पदर तोंडाला लावला. दादासोला मात्र ते मशीन बघायचं होतं. आत सोडता येत नव्हतं, म्हणून ते चालवणारा तंत्रज्ञ बाहेर आला आणि मोबाइलवर फोटो दाखवला. एका रांगेत गोल डबे, त्यांतून वळणं घेत गेलेल्या पारदर्शक नळ्या.

"आयला! हे तर पंप हाईत!"

"पंपच आहेत," तो हसून म्हणाला.

"आणि लाईट गेली तर?"

"बॅटरी आहे. जनरेटर आहे. आणि तेही बंद पडलं, तर हे हँडल. आम्ही हातानं फिरवतो."

दादासो त्या हँडलच्या फोटोकडे बघतच राहिला. आपल्या लेकीसाठी कुणीतरी हातानं पंप फिरवायची तयारी ठेवली आहे, हे त्याला खरंच वाटेना. त्यानंतर पैशांचं त्यानं पुन्हा विचारलं नाही.

सकाळी श्रुतीला आत नेलं. दुपार कलल्यावर डॉक्टर बाहेर आले. "झालं व्यवस्थित. तिच्याच हृदयाभोवतीच्या पडद्याचा तुकडा घेऊन ठिगळ लावलं."

"तिचंच कापड तिला?" दादासो पुटपुटला. मग म्हणाला, "साहेब, परत चालू कसं केलासा?"

"खरं सांगू? आम्ही काही केलं नाही. रक्त परत आत सोडलं, आणि त्याचं ते सुरू झालं."

दादासोनं आयुष्यभर मोटारी चालू केल्या. स्टार्टर दाबल्याशिवाय फिरलेली मोटार त्यानं बघितली नव्हती. तो भिंतीला टेकला आणि दोन्ही तळहात उघडे धरून त्यांच्याकडे बघत उभा राहिला. संयोगिता रडत होती, हसत होती, नवऱ्याला गदागदा हलवत होती.

घरी सोडायच्या दिवशी बिलाच्या जागी शून्य होतं. वर चंदनानं गावी जायचं एसटीचं भाडं हातात ठेवलं.

"हे कशाचं?"

"योजनेतच आहे काका."

"एवढं करून वर गाडीभाडं?" दादासो इतक्या जोरात ओरडला की रांगेतली माणसं वळून बघू लागली. "पोरी, मला एवढंच सांग, पाया कुणाच्या पडू? डॉक्टर म्हणत्यात सरकारनं केलं. सरकार म्हंजे कोण? कुठं बसतंय?"

चंदना थोडी गोंधळली. "काका, कुणी एक नाही तसं. तुम्ही तार विकत घेता, त्यावर कर भरता ना? तसे सगळेच भरतात. साबण घेणारा, पेट्रोल भरणारा. त्यातूनच येतं हे."

संध्याकाळच्या एसटीत श्रुती आईच्या मांडीवर झोपली. दादासो गाडीतल्या माणसांकडे बघत होता. भाजीची रिकामी टोपली घेतलेली म्हातारी. लग्नाचा आहेर घेऊन निघालेलं जोडपं. डुलक्या काढणारा हवालदार. यातल्या एकालाही श्रुतीचं नाव माहीत नव्हतं आणि तरी यातल्या प्रत्येकानं तिच्यासाठी काहीतरी दिलं होतं. लहानपणी आईनं सांगितलेलं त्याला आठवलं: आपण नवस बोलत न्हाई, आपलं जे काय भलं झालं ते माणसांनीच केलंय.

त्याला राहवेना. शेजारच्या फेटेवाल्याच्या गुडघ्याला हात लावून तो म्हणाला, "पावणं, तुमचं लई उपकार झालं."

"माझं?" पावणं दचकलं. "मी काय केलं बाबा?"

दादासोनं सगळं सांगितलं. छिद्र, पंप, हँडल, आपोआप सुरू झालेलं हृदय. पुढच्या बाकावरची माणसं वळून ऐकायला लागली. पावण्यानं सगळं ऐकून घेतलं, फेटा सारखा केला आणि झोपलेल्या श्रुतीकडे वाकून कितीतरी वेळ बघितलं.

"मला कुणी सांगितलंच न्हाई की," तो म्हणाला. "एवढं मोठं काम माझ्या हातनं झालं, आणि मला ठावंच न्हाई!"