अठरा पूर्ण झाली का रे?

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि त्याचे श्रेय ज्याला द्यायचे तो माझा मामा नववीच्या पुढे गेला नाही. पण गाडीचा कायदा त्याच्याइतका मानणारा माणूस मुरबाडपासून माळशेज घाटापर्यंत सापडायचा नाही. वैशाखरे ते मुरबाड त्याची प्रवासी जीप होती. इतर जिपा माणसे मागे लटकवून नेत. मामाची जीप सीटा भरल्या की निघे, आणि मग वाटेत कोणी हात केला तर मामाही प्रेमाने हात करून पुढे जाई. मिसरूड न फुटलेला मुलगा मोटारसायकलवर दिसला की मात्र तो इंडिकेटर देऊन जीप कडेला लावी, उतरे आणि विचारी, "अठरा पूर्ण झाली का रे?"

एकाने धीर करून सांगितले, "मामा, सोळाला पन मिळतं लायसन."

"मिळतं. बिनगेअरची, पन्नास सीसीची, नि बापाच्या सहीनं. हिला गेअर हाय. उतर. तू चालवशील नि जेलात बाप जाईल, मग भात कोन लावील?"

मग ती गाडी ढकलत मामा स्वतः त्याच्या घरी पोचवून आला. तोवर जीपमधली एक म्हातारी म्हणत होती, "दवाखान्यातला माझा नंबर गेला रे मेल्या."

आमच्याकडची पोरे दहावी झाली की जीप चालवायला बसत. मलाही बसायचे होते. मामा मला जीप धुऊ द्यायचा, पण स्टिअरिंगला हात लावू द्यायचा नाही. "हात रिकामं हायत तं पुस्तक धर," म्हणायचा. दुसरे धरण्यासारखे काही नसल्याने मी ते धरले आणि बारावीपर्यंत पोचलो.

तेव्हाच ताईचे लग्न ठरले, शहापूरजवळच्या सापगावात. तुला सासरी मीच गाडीने सोडणार, असा शब्द मी तिला लहानपणीच दिला होता. रिकाम्या भातखाचरात मित्राच्या जीपवर हातही बसला होता. अठरा पूर्ण व्हायला थोडेच दिवस कमी पडत होते. आईने मामाला विनवले, "दादा, हौसेला कुठं वय असतं?"

"हौसेला नसतं गो, लायसनला असतं."

पाठवणीला सगळे रडले. मामा टायरची हवा बघत होता. जीप त्यानेच चालवली, शेजारी मी फुगून बसलो, मागे नवरानवरी. मुरबाड सुटले आणि मामाने इंडिकेटर दिला, जीप कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोके टेकून हमसून हमसून रडू लागला. मागे सगळे वऱ्हाड थांबले.

मी म्हणालो, "मामा, सरक. मी घेतो."

हुंदके देत देत तो म्हणाला, "तुझी अठरा अजून नाय झाली."

"मग तू चालव."

"डोळ्यांत पानी असताना चालवायची नाय." तो मागे वळला. "जावईबापू, लायसन हाय का?"

दाजींनी मोबाइलवर दाखवले. मामाने डोळे पुसून ते नीट वाचले. "बरोबर हाय. मुंडावळ्या काढा, बाजूचं दिसत नाय."

मागच्या गाडीतून दाजींची आत्या तरातरा आली. "नवरी घरात घेतल्याबिगर मुंडावळ्या काढत नायत. अपशकुन होतो."

"मग बसा. माझं रडनं थांबलं की निघू."

ते काही थांबेना. शेवटी आत्यानेच मुंडावळ्या न सोडता मागे ओढून फेट्यात खोचल्या. दाजींनी गाडी घेतली, आणि मामा सापगावपर्यंत मागे ताईचा हात धरून बसला. अशी पाठवणी आमच्या गावात कोणाच्याच मामाला मिळालेली नाही.

डॉक्टरांनी डोळे अधू झाल्याचे सांगितले त्याच दिवशी मामाने जीप विकली. आता तो मुलाकडे नाशिकला असतो. फोनवर ताईचे नाव निघाले की त्याला रडू फुटते आणि बोलता येत नाही, म्हणून परवा मी मोठ्या ठळक अक्षरांत पत्र पाठवले:

"प्रिय मामा, साष्टांग नमस्कार. ताईला बाळंतपणासाठी घरी आणले. गाडी मी चालवली. लायसन पक्के आहे, काळजी नसावी. ती म्हणते, बाळाला घेऊन सासरी परत जाताना मामा हवाच. मी तुला न्यायला नाशिकला येईन. तू मागे तिच्याजवळ बस. या वेळी रडलास तरी गाडी थांबवावी लागणार नाही."