रघुवीररावांचा वाटा

काशीबाईशी वाकडं घेऊ नये, हे परळच्या त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त रघुवीररावांना. ते टॉवरमध्ये नवे होते, आणि सोसायटीचे चेअरमन झाल्यापासून त्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते.

टॉवरच्या जागी पूर्वी गिरणी होती. गिरणीच्या गेटवर काशीबाईची सासू मासळीची पाटी घेऊन बसायची, तिच्यामागे काशीबाई बसू लागली. गिरणी गेली, कामगार गेले, टॉवर आला; पाटी तिथंच राहिली. नवरा जगन शिवडीच्या खाडीत जाळं टाकायचा आणि काशीबाई वाटे लावून विकायची. वजनकाटा तिला कधी लागला नाही. "घे, वर दोन मांदेली," म्हणाली की गिऱ्हाईक खूश.

रघुवीररावांना वास यायचा. शिवाय त्यांना पुढची निवडणूक लढवायची होती, आणि त्यासाठी स्वच्छतेसारखा फुकटचा मुद्दा दुसरा नव्हता. त्यांनी काशीबाईच्या पातळ प्लास्टिक पिशव्यांचे फोटो काढून पालिकेकडे तक्रार केली. पिशव्यांवर बंदी होती, हे खरंच. पण पिशवी नाही म्हटलं की टॉवरमधलीच माणसं तोंड वाकडं करून परत जायची, हेही खरं. एका सकाळी गाडी आली. पाटी, कोयता, सासूच्या काळापासून झिजलेला ओंडका, सगळं उचलून नेलं.

"बाई, समुद्राचा तरी विचार करा," रघुवीरराव सगळ्यांदेखत म्हणाले.

समुद्राचा! हे कोळणीला सांगतोय! काशीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानंतर ती मागच्या बोळात बसू लागली. तिथं गिऱ्हाईक फिरकत नव्हतं, मांजरं तेवढी इमानाने यायची.

मग गणपती आले. लालबागच्या रांगेत रघुवीररावांनी भक्तांना चिवडा वाटला. चकचकीत प्लास्टिकची वीतभर पाकिटं, आणि प्रत्येक पाकिटावर हात जोडून हसणारे खुद्द रघुवीरराव. चिवडा पोटात गेला, पाकिटं गटारात गेली, गटार नाल्याला मिळालं. आणि नाला कुठे जातो हे कोळ्यांना कुणी सांगायला नको.

विसर्जन झाल्यावर जगनचं जाळं धोंड्यासारखं जड लागलं. धक्क्यावर आणून उपसलं तर पाटीभर मांदेली आणि बाकी सगळे रघुवीरराव. चिखलात हसणारे, शेवाळात हसणारे. जाळं दोन ठिकाणी फाटलं होतं. जगन शिव्या घालत पाकिटं परत पाण्यात लोटायला निघाला.

"थांब," काशीबाई म्हणाली. "एकपन टाकू नको. पोत्यात भर."

रविवारी ती ठेवणीतलं लुगडं नेसून, अंबाड्यात अबोली माळून थेट टॉवरच्या गेटवर जाऊन बसली. एका बाजूला मांदेलीचे वाटे लावले, दुसऱ्या बाजूला पाकिटांचे. सगळे चेहरे वर.

"या, या! ताजा माल! रघुवीररावांचा वाटा घ्या! काटा नाय, खवला नाय, नुसते दात!"

सातव्या मजल्यावरची सुरुची तिची जुनी गिऱ्हाईक. ती गेट धरून हसली. वॉचमन हसला. लोकांनी खिशातून फोन काढले.

रघुवीरराव लालबुंद होऊन खाली आले. "काशीबाई, हे आधी उचला! गाडी बोलावू का?"

"बोलवा की. या खेपेला फोटो काढायची तसदीबी नको, छापूनच आलेत."

पुन्हा हशा झाला. रघुवीररावांनी आवाज खाली आणला. "हे बघा, तुम्ही बसा इथे. मी तक्रार करणार नाही. पण हा तमाशा पुन्हा दिसला, तर जागा कायमची गेली समजा."

"बसते. पन माल तुमचा हाय, तुमीच भरा. हातानं."

त्यांनी भरला. पांढऱ्या कुर्त्याच्या बाह्या सरसावून, एकेक पाकीट, अख्ख्या सोसायटीसमोर. काशीबाईने पोत्याचं तोंड जाळ्याच्या दोरीने आवळलं आणि सासूने शिकवलेली गाठ मारून पोतं त्यांच्या हातात दिलं. काळीज असं गार झालं की त्या दिवशी तिने प्रत्येकाला वर चार-चार मांदेली घातली.

जागा परत मिळाली, गिऱ्हाईक परतलं. झालं गेलं विसरून जा, असं जगन म्हणाला, आणि काशीबाई जवळजवळ विसरलीही.

पंधरवडा गेला आणि जाळं पुन्हा जड लागलं. धक्क्यावर उपसलं तर आत एक पोतं. दोरी तिचीच, गाठ सासूची, आणि फाटल्या जागेतून रघुवीरराव हसत होते.

तिने त्यांच्यावर विश्वास टाकला होता. पोतं स्वतः बांधून दिलं होतं. आणि त्यांनी ते नेऊन नाल्यात लोटलं होतं. संतापाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

जगन घाबरला. "जाऊ दे गं. या बारीला जागा खरंच जाईल. परत त्या बोळात बसशील?"

काशीबाईने पदराने डोळे पुसले आणि गाठीवरून अंगठा फिरवला. गाठ अजून घट्ट होती.

"गेली तर गेली," ती म्हणाली. "घरी जा आनि लुगडं वाळत घाल माझं. रविवारी नेसायचंय."