माझ्याच चेहऱ्याचा भाऊ

वसंता गेल्याचा फोन त्याच्या मुलाने, महेशने, सकाळी सातच्या सुमारास केला. "काका, बाबा उठलेच नाय," एवढंच तो म्हणाला. पेणहून रोह्याला पोहोचेपर्यंत माझ्या डोक्यात काहीच नव्हतं. त्याच्या आळीत वळलो तेव्हा मात्र ओसरीवर बसलेली माणसं मला पाहून एकदम उभी राहिली. शेजारची एक म्हातारी तोंडाला पदर लावून मागे सरकली. आत वसंता निजवलेला, आणि दारात तोच चेहरा घेऊन मी उभा... सुनंदावहिनींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली. त्या दिवशी त्यांनी पुन्हा वर पाहिलं नाही.

आम्ही जुळे भाऊ. नाक, डोळे, उंची, चालताना डावा खांदा जरासा पाडायची सवय, सगळं सारखं. तो माझ्याहून काही मिनिटांनी मोठा. पण आम्ही एका घरात वाढलो नाही. वडील पेणच्या खाडीकडे मिठागरात कामाला होते, घरात आधीच तीन मुली. मावशीला मूलबाळ नव्हतं. आम्ही तीन महिन्यांचे असताना ती वसंताला घेऊन रोह्याजवळच्या आपल्या गावी गेली. तिथे तिची भाताची आणि वालाची शेती. पोरगं परत जाईल या धास्तीने तिने आमचं येणंजाणं लग्नकार्यापुरतंच ठेवलं. वसंता दहावीत असताना मावशीचे यजमान वारले. त्याने शाळा सोडली, शेत सांभाळलं आणि पुढे धाटावला एका रसायनांच्या कंपनीत लागून रोह्यात राहू लागला. मी पेणलाच शिकलो आणि शाळेत विज्ञान शिकवू लागलो.

नोकऱ्या लागल्यावर आम्ही आमची जागा शोधली. कासू स्टेशन. तो रोह्याहून यायचा, मी पेणहून, आणि रविवारी शिफ्ट नसेल तेव्हा फलाटावरच्या बाकावर आम्ही दोन-तीन तास बसायचो. मावशीला वाईट वाटायला नको आणि आईच्या डोळ्यांत पाणी यायला नको, म्हणून कोणाच्याच घरी नाही. पहिल्याच रविवारी दोघांनीही डबा उघडायच्या आधी तो कानाशी धरून हलवला. हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. हसून हसून पुरेवाट झाली. पण पुढे लक्षात आलं की अशा गोष्टी माणूस आवडीने लक्षात ठेवतो आणि जे जुळत नाही ते विसरतो. तो अनोळखी माणसाशीही मोठ्याने बोलायचा, मी शब्द मोजायचो. मी खाडीत पोहत वाढलो, त्याला गुडघाभर पाण्याचीही भीती वाटे.

वर्गात आनुवंशिकता शिकवताना मला नेहमी तो आठवायचा. एकदा मी त्याला सांगितलं, की शास्त्रज्ञ आपल्यासारख्यांचा मुद्दाम अभ्यास करतात. जनुकं सारखी, घरं वेगळी. मग उंची कुठून आली, स्वभाव कुठून, आजार कुठून, हे ताडून बघतात. तो नीट ऐकत होता.

"मग काय निघालं?"

"रक्तातलं बरंच येतं. पण सगळं नाही. आणि हे पुष्कळ जोड्या एकत्र बघून कळतं. एका माणसात रक्ताचं किती आणि घराचं किती, असं कापून दाखवता येत नाही."

"म्हणजे माझं सांगता येणार नाय," तो म्हणाला.

आई गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी त्याने ते विचारलं. वयाची पन्नाशी उलटली होती आमची. समोर बघतच तो म्हणाला, "अनंता, तिनं तुला ठेवला नि मला दिला. का, ते कधी बोलली?"

बोलली होती. शेवटच्या आजारात, फक्त माझ्याजवळ. मी तो प्रश्न टाळू शकलो असतो... पण त्या चेहऱ्याशी खोटं बोलणं मला कधी जमलं नाही. मी सांगितलं, "मी अशक्त होतो. दूध ओढत नव्हतो. आईला वाटलं, मावशीकडे मी जगणार नाही. तू धडधाकट होतास. कुठेही जगला असतास."

"म्हणजे मी आजारी असतो तर घरी राह्यलो असतो," एवढं म्हणून वसंता उठला आणि आलेल्या गाडीत चढला. पुढचे दोन रविवार मी बाकावर एकटाच बसून परतलो. तिसऱ्या रविवारी तो आला, वालाच्या शेंगांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि पावसापाण्याचं बोलायला लागला. तो विषय आम्ही पुन्हा कधी काढला नाही. त्याने मला माफ केलं की नाही, आणि माफ करण्याजोगं मी केलं तरी काय होतं, हे मला आजही कळत नाही.

वसंता हृदयविकाराने गेला. आम्ही जुळे आहोत हे कळल्यावर रोह्याच्या डॉक्टरांनी मला लगेच तपासून घ्यायला सांगितलं. मी गेलो. रिपोर्ट चांगला आला, एक गोळी तेवढी सुरू झाली. दवाखान्यातून बाहेर येऊन मी फोन काढला आणि वसंताचा नंबर लावला. घंटी वाजायला लागल्यावर भानावर आलो...

तेराव्याला निघताना वहिनी दाराआडून म्हणाल्या, "भाऊजी, राग मानू नका. थोडे दिवस येऊ नका. तुम्ही दारात दिसलात की जीव एकदम वर येतो नि मग..." मी बरं म्हटलं. दीड महिना गेलो नाही. पेणमध्ये मला सगळे ओळखतात, पण माझ्याकडे पाहून ज्याला वसंता आठवेल असं तिथे कोणी नाही.

मागच्या आठवड्यात त्यांनीच बोलावलं. वसंताने शिवायला टाकलेला शर्ट शिंप्याने घरी आणून दिला होता. "त्यांच्या मापाचा हाय, तुम्हाला व्हईल," असं म्हणून त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि खिडकीकडे वळून उभ्या राहिल्या. मी आतल्या खोलीत जाऊन घातला. बाह्या मनगटावर बरोबर आल्या. गळा बरोबर, लांबी बरोबर. खांदे मात्र दोन्हीकडे दोन-दोन बोटं खाली उतरले. तसाच बाहेर आलो. वहिनींनी हळूहळू मान वळवली. खांद्यांवर त्यांची नजर थांबली.

"सैल हाय," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं पिंपं उचलली त्यांनी. तुम्ही कुठं उचललीत?" आणि मग त्यांनी सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. तो गेल्यापासून पहिल्यांदाच, न घाबरता. "बसा भाऊजी. जेवून जा."

मी शर्ट न काढता पाटावर बसलो. महेश म्हणाला, "काका, खांद्यात आत घेऊन आणतो." मी नको म्हटलं.